सायकल चालवणे: साठीपुढील नवशिक्यांसाठी प्राथमिक सूचना

पात्रता

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे, एवढं वाचूनच निम्मे वाचक रागावून पान उलटतील. ‘नवशिके? आम्ही? अहो, सदाशिव पेठेतून फर्ग्युसनला रोज सायकलनं जात होतो. तेही डबलसीट. तेही रात्री बिनदिव्याचं, चौकातल्या पोलिसाला चुकवून.’ सगळं मान्य. पण त्यानंतर लुना आली, लुनेनंतर स्कूटर, स्कूटरनंतर मारुती, आणि परवा डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट बघून ‘काहीतरी व्यायाम ठेवा’ म्हटल्यावर तुम्हाला एकदम सायकल आठवली. मधल्या चाळीस वर्षांत सायकल बदलली, रस्ता बदलला, आणि सायकलवर बसणारा तर ओळखू येऊ नये इतका बदलला. शिवाय पासष्ट वर्षांचं असण्याचा तुम्हाला यापूर्वी काडीचाही अनुभव नाही. तेव्हा तुम्ही नवशिकेच.

ज्यांनी सायकल कधी सोडलीच नाही अशीही माणसं गावात आहेत. त्यांच्यासाठी या सूचना नाहीत. वाचून दाखवायला गेलात तर ते घरी सापडणार नाहीत.

सायकल एकदा आली की कुणी विसरत नाही, असं म्हणतात. ते खरं आहे आणि सगळा धोका त्यातच आहे. तोल सांभाळायचं ते ज्ञान मेंदूत इतकं खोल गेलेलं असतं की चाळीस वर्षांनीही जसंच्या तसं बाहेर येतं. पण ते ज्ञान एकोणीस वर्षांच्या पोराचं असतं. डावा पाय पायडलवर, उजव्यानं दोनदा जमीन रेटायची, आणि वेग आला की उजवी टांग मागून कॅरियरवरून झोकात फिरवायची, हा सगळा कार्यक्रम मेंदू विनातक्रार सुरू करतो. कंबरेला त्याची आगाऊ नोटीस गेलेली नसते.

या बाबतीत बायकांची बाजू वरचढ आहे, हे इथंच नोंदवून ठेवतो. ज्या मुली लेडीज सायकलवरून हुजूरपागेत जात होत्या त्यांना टांग मारायची सवय लागलीच नाही. त्यांचं चढण्या-उतरण्याचं तंत्र आजही शाबूत आहे. पुढचे बरेचसे इशारे म्हणूनच काकांसाठी आहेत. काकूंनी ते करमणूक म्हणून वाचले तरी चालेल. हाडांबद्दलचा मजकूर मात्र त्यांनी दोनदा वाचावा.

परवानग्या

सायकल घेण्यापूर्वी दोन परवानग्या लागतात. डॉक्टरांची आणि घरच्यांची. डॉक्टरांची सोपी असते.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची डबी बरोबर न्यावी. बीटा ब्लॉकर नावाच्या बीपीच्या गोळ्या नाडीला फार वर जाऊच देत नाहीत. अशी गोळी चालू असताना मनगटावरच्या घड्याळात आकडा बघून ‘आपलं हृदय पंचविशीतलं आहे’ असं सोसायटीत सांगत फिरू नये. ती कामगिरी गोळीची आहे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाण्याचा हिशेब वेगळा. इन्सुलिन किंवा साखर झपकन खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर खिशात साखरेची पुडी हवीच, आणि ती खिशात आहे हे बरोबरच्यालाही माहीत हवं. प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी ठरलेली असेल तर आधीचे दोन दिवस सायकलला हात लावू नका. सीटच्या दाबानं आकडा वर जाऊ शकतो आणि मग सायकलच्या सीटपायी सगळं घर हवालदिल होतं. छातीत दाब, चक्कर, एरवी न लागणारी धाप, यांच्यापैकी काहीही झालं तर उतरा आणि डॉक्टर गाठा. त्यावर विनोद नाही.

घरची परवानगी मात्र टप्प्याटप्प्यानं मिळवायची असते. पहिल्या टप्प्यात ‘अहो, या वयात?’ असा प्रश्न येतो. त्याला उत्तर देऊ नका, कारण तो प्रश्न नाही. दुसऱ्या टप्प्यात मुलगा व्हिडिओ कॉलवर येऊन ‘बाबा, त्यापेक्षा घरातच उभी सायकल घ्या ना’ असं सुचवतो. ती घेतल्यास हॉलमध्ये टॉवेल वाळत घालायची उत्तम सोय होते, एवढं त्याला नम्रपणे सांगा. तिसऱ्या टप्प्यात मुलगी न बोलता हेल्मेट पाठवते. हेल्मेट आलं की परवानगी मिळाली असं समजावं.

हेल्मेट

घाला.

सायकलीची निवड

माळ्यावरची काळी बावीस इंची काढून, छर्रे बदलून, चाकांचा आउट काढून वापरावी असा मोह पहिल्या आठवड्यात होतो. तिच्याबद्दल अनादर नाही. पण ती वीस किलोच्या आसपास भरते, तिला गिअर नाही, आणि पावसात तिचे ब्रेक लागतात ते बहुधा देवाच्या कृपेनं. तिला पुसूनपासून ठेवा, नातवंडांना दाखवा.

दुकानात गेलात की विक्रेता तुम्हाला आधी बारीक टायरची, बाकदार हँडलची, दोन बोटांनी उचलता येणारी सायकल दाखवेल. ती सुंदर असते. तिच्यावर वाकून बसल्यावर मात्र रस्ता बघायला मान मागे मोडावी लागते, आणि मानेचे मणके झिजलेल्या माणसाला मग फक्त पुढचं चाक दिसतं. फ्रेममधला एक किलो कमी करायचे तो हजारो रुपये सांगेल. तुमचे स्वतःचे पाच किलो उतरवण्यात त्याला रस नसतो, कारण त्यात त्याला कमिशन नाही.

सरळ हँडलची, पस्तीस-चाळीस मिलिमीटर रुंद टायरची, भरपूर खालचे गिअर असलेली सायकल घ्या. टायर रुंद असला की हवेचा दाब थोडा कमी ठेवता येतो आणि खड्डे मनगटांपर्यंत पोचत नाहीत. बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवा, तो त्या दिवशी सोन्याच्या भावाचा ठरतो.

आता नाजूक मुद्दा. आडवी नळी नसलेली, म्हणजे आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती, तुम्हाला सगळ्यांत योग्य आहे. नेदरलँड्समध्ये आजोबा लोक अशा सायकली बिनदिक्कत वापरतात, कुणी वळूनही बघत नाही. पुण्यात कुणीतरी बघेल आणि बोलूनही दाखवेल. ते सोसायची तयारी असेल तर कंबरेचा खर्च वाचेल. नसेल तर नळीची सायकल घ्या आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा याच परिच्छेदाकडे या.

ई-सायकल ही लबाडी आहे, असं मत बहुधा तिशीतला माणूस सांगतो. आपल्याकडे २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. पायडल मारल्यावर मदत करणारी मोटर असेल तर पाय चालवावेच लागतात. मोटर फक्त चढावर मागून हात लावते. माझ्या मते साठीपुढच्या माणसासाठी याहून उपकारक शोध अलीकडच्या काळात लागलेला नाही. बहुतेकांची सायकल सुटते ती सपाट रस्त्यावर नाही, परतीच्या वाटेवरच्या एका चढापायी सुटते. तो चढ मोटरनं खाल्ला तर उरलेली वाट तुमची. ई-सायकल जड असते आणि नकळत वेग घेते, एवढं ध्यानात ठेवून ब्रेक लवकर दाबा.

चढणे

हे प्रकरण सावकाश वाचावं.

नेदरलँड्समध्ये सायकलवर वयस्क माणसं इतकी असतात की तिथं त्यांच्या पडण्याचाही नीट अभ्यास झाला आहे. त्यात दिसलं ते असं: बऱ्याचशा पडण्यांत दुसरं कुठलं वाहनच नसतं. माणूस चढताना पडतो, उतरताना पडतो, नाहीतर अगदी मुंगीच्या पावलानं चालवताना पडतो. आपण मात्र ट्रकला घाबरत बसतो. ट्रकला घाबरायलाच हवं, पण तुमचा पहिला शत्रू तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभा आहे आणि त्याचं नाव टांग.

तेव्हा टांग विसरा. सायकलच्या डाव्या बाजूला उभे राहा. दोन्ही ब्रेक दाबून धरा. बहुतेक जण इथंच चुकतात, ब्रेक न धरता चढू लागतात आणि सायकल एकटीच पुढं निघून जाते. सायकल आपल्याकडे चांगली झुकवा. उजवा पाय नळीवरून पलीकडे न्या. दोन्ही पाय जमिनीवर, सायकल मध्ये, बूड अजून सीटवर नाही. ही स्थिती दिसायला केविलवाणी असते, पण इथून कुणी पडत नाही. आता उजवं पायडल वर आणा, घड्याळात दोनचा आकडा असतो त्या जागी. त्यावर पाय ठेवा, ब्रेक सोडा, जोर द्या. सायकल निघते, शरीर आपोआप उचललं जातं, आणि त्याच लयीत सीटवर बसायचं.

हे रिकाम्या मैदानावर करून बघा. मैदान नसेल तर सकाळी साडेपाचला सोसायटीच्या आवारात करा. सात वाजता करू नका. सात वाजता बाकावर तीन निवृत्त गृहस्थ येऊन बसतात आणि त्यांच्यातला एक तरी ‘जपून हो, आमच्या साडूंचा खुबा असाच गेला’ असं सांगतो. सल्ला प्रेमाचा असतो, पण चढत असताना ऐकायचा नसतो.

पायजमा घालू नका. घातलाच तर उजव्या घोट्याला क्लिप लावा. तीच, पूर्वीची पत्र्याची, कार्यालयातल्या मंडळींच्या पँटला असायची ती. आता ती दुकानांत सहसा मिळत नाही. रुंद रबरबँडनं काम भागतं. चेनमध्ये अडकलेला पायजमा माणसाला चालू सायकलवरून उतरूही देत नाही आणि वर राहूही देत नाही.

सीट

या विषयावर मराठी माणूस चारचौघांत बोलत नाही, आणि मुकाट्यानं सायकल विकून टाकतो.

नवशिका सीट खाली ठेवतो. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले म्हणजे सुरक्षित, असं त्याला वाटतं. मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा छातीकडे येतो आणि महिन्याभरात वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. डॉक्टर एक्स-रे काढतात, झीज दिसते (या वयात ती कुणाच्याही गुडघ्यात दिसेल), आणि सायकल बंद होते. दोष झिजेचा थोडा, सीटचा जास्त. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यांत खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी पंजा पायडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर आहे. एवढी वैद्यकी स्वतः करायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी पूर्ण उंचीवर नेऊ नका. दर आठवड्याला बोटभर वर, असं पाय टेकायच्या भीतीला समजावत न्यायचं.

दुसरी तक्रार बधिरपणाची. कुठल्या भागाची ते लिहीत नाही. त्यावर उपाय म्हणून लोक सोफ्यासारखी जाड, जेल भरलेली सीट घेतात. ती दुकानात मऊ लागते आणि तासाभरात हाडं तिच्यात रुतून मधल्या नाजूक भागावरच दाब येतो. बसल्यावर जी दोन हाडं टेकतात त्यांना आधार देईल इतकी रुंद, मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी टणक सीट घ्या आणि तिचं नाक किंचितही वर राहू देऊ नका. मधूनमधून पायडलवर उभं राहून रक्ताला वाट द्या. पॅडची चड्डी उपयोगी आहे. ती आतून काही न घालता वापरायची असते. हे दुकानदार सांगत नाही, आणि तुम्ही विचारत नाही, म्हणून इथं लिहिलं. मंडईत जायचं असेल तर तिच्यावरून साधी पँट घाला; भाजीवाल्या मावशींवर आपण तेवढे उपकार करू शकतो.

दम

आपल्या पिढीची समजूत अशी की जड पायडल मारलं तरच व्यायाम. गिअरवाल्या सायकलीवर त्यामुळे काका लोक सगळ्यांत जड गिअर लावून, दात आवळून, मिनिटाला चाळीस फेरे मारत खडकवासल्याकडे निघालेले दिसतात. पायाचा व्यायाम होतो यात शंका नाही, पण तो खर्च गुडघ्याच्या खात्यातून होतो. हलका गिअर लावा आणि पाय भरभर फिरवा. दर मिनिटाला सत्तर ते ऐंशी फेरे पुष्कळ झाले. असं केलं की भार स्नायूंवरून उतरून हृदय-फुफ्फुसांवर जातो, आणि या वयात त्यांना कामाला लावणं जास्त फायद्याचं. गुडघा झिजतो, दम वाढवता येतो.

किती दम लागू द्यायचा? २२० मधून वय वजा करा, हा नाडीचा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो. वयस्कांना तो कमी आकडा सांगतो. २००१ साली मांडलेलं सूत्र २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायला सांगतं; पासष्टीच्या माणसाला पहिलं १५५ देतं, दुसरं १६२.५. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत, तुमच्या नावाची नाहीत. त्यापेक्षा गप्पांची कसोटी बरी. चालवता चालवता महापालिकेच्या कारभारावर पूर्ण वाक्यांत टीका करता येत असेल तर वेग योग्य. भावगीत म्हणता येत असेल तर कमी. नुसतं ‘हं’ म्हणता येत असेल तर जास्त. आठवड्यात एखाद्या दिवशी, महिना-दोन महिन्यांच्या सवयीनंतर, काही मिनिटं ‘हं’पर्यंत जायला हरकत नाही. पण मग पुढचे दोन दिवस सौम्य. विशीत रात्रीत भरून निघायचं ते आता दोन रात्री घेतं.

हे सगळं करून काय मिळतं, असं बाकावरचे गृहस्थ विचारतील. त्यांना लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांचं काम सांगा. ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची त्यांनी तपासणी केली, २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. निवडीची अट अशी होती की पुरुषांना १०० किलोमीटर साडेसहा तासांत आणि स्त्रियांना ६० किलोमीटर साडेपाच तासांत पार करता आले पाहिजेत. वयाबरोबर स्नायू आटतात, चरबी चढते, असं जे धरून चाललं जातं ते या मंडळींत फारसं दिसलं नाही. छातीतली थायमस ग्रंथी रोगप्रतिकारक पेशी तयार करते आणि तरुणपणीच आकसू लागते. यांच्यात ती कितीतरी लहान वयाच्या माणसांइतक्या पेशी करत होती. हे ऐकवून झाल्यावर मात्र स्वतःशी कबूल करा की ही माणसं आयुष्यभर सायकल चालवत आलेली होती. तीन आठवड्यांत थायमसकडे हिशेब मागू नये.

उशिरा आलेल्यांसाठी रॉबेर मार्शां हा दाखला आहे. १९११ साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा गृहस्थ पाच फुटांच्या जेमतेम आसपास उंचीचा. पॅरिसमध्ये अग्निशमन दलात होता, व्हेनेझुएलात ट्रक चालवला, कॅनडात लाकडं तोडली, आणि सायकलकडे नेटानं परत आला तो साठी उलटल्यावर. २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यानं तासाभरात २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. २०१४ मध्ये २६.९२७ किलोमीटर, म्हणजे दोन वर्षांनी म्हातारा होऊन जास्त वेगानं. मधल्या काळात व्हेरोनिक बिया या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी त्याला बेताचा व्यायाम आखून दिला होता; बहुतेक वेळ हलका, थोडा वेळ जोराचा. त्याच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता शंभरीनंतर तेरा टक्क्यांनी वाढली. २०१७ साली, १०५ व्या वर्षी, त्यानं तासात २२.५४७ किलोमीटर केले आणि वर तक्रार केली, की शेवटची दहा मिनिटं उरल्याची पाटी दिसली नाही, नाहीतर आणखी जोर लावला असता.

सायकल करत नाही त्या गोष्टी

सायकलीच्या पुस्तकांत हे प्रकरण सहसा नसतं. सायकल हाडांना काही देत नाही. तुमचं वजन ती उचलते, म्हणून गुडघ्यांना बरी. पण त्याच कारणानं हाडांना घट्ट व्हायची गरज भासत नाही. नुसती सायकलच चालवणाऱ्यांच्या मणक्यांची हाडं विरळ निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं आधीच झपाट्यानं विरळ होत असतात, म्हणून काकूंना वर दोनदा वाचायला सांगितलं. पर्वती चढा, जिना वापरा, वजन उचला. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यावर दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा. पहिला भाग सायकल भरून काढते, उरलेल्या दोहोंसाठी आपल्याकडे जोर-बैठका होत्याच, आपण त्या सोडून दिल्या. पूर्ण बैठक झेपत नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठा, बसा, पुन्हा उठा. तोलासाठी दात घासताना एका पायावर उभे राहा. बेसिन हाताशी असतंच.

आणि मिसळ. पुण्यातल्या कुठल्याही सायकल ग्रुपचं अंतिम स्थानक मिसळीचं असतं, त्याला माझा विरोध नाही. पण पाव, शेव आणि वर जिलबी घेऊन परतणाऱ्यानं वजनकाट्याशी भांडू नये. म्हाताऱ्या स्नायूंना प्रथिनं तरुणांपेक्षा जास्त लागतात. वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅमच्या थोडं वर, असं धरतात (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). वाटीभर पातळ वरणानं ते भागत नाही.

ग्रुप

दोन महिन्यांत कुणीतरी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेईल. तिथं पहाटे साडेचारला ‘कोण कोण?’ असा प्रश्न येतो आणि तुम्ही झोप न आल्यामुळे जागेच असता.

ग्रुपमध्ये तिशीतली मुलं असतात. ती मनानं फार चांगली असतात, आणि तुमच्या तब्येतीला त्यांच्यापासूनच धोका असतो. ‘काका, जबरदस्त!’ हे दोन शब्द कानावर पडले की ताबडतोब गिअर हलका करा. या शब्दांनी भारून जाऊन कात्रजच्या चढावर छाती फुटेस्तोवर पायडल मारणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. वर पोचल्यावर त्यांना स्वतःचं नाव सांगायला वेळ लागत होता. मुलं वर आधीच पोचून फोटो काढत होती. चढावर मागे पडायची कला आत्मसात करा. ‘तुम्ही व्हा पुढे, मी फोटो काढतो’ हे वाक्य उपयोगी आहे. सिंहगडाचा घाटरस्ता अर्ध्यावर सोडून खाली येऊन पिठलं-भाकरी खाल्ली तर इतिहासात त्याची नोंद होत नाही.

वेगाची हौस फिटली की ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांकडे बघा. म्हाताऱ्यांच्या स्वभावाला साजेसा असा हा एकच प्रकार आहे. त्यात नंबर काढत नाहीत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे, तीनशे किलोमीटर वीस तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. मर्यादेच्या आत आलात की पहिला आणि शेवटचा सारखेच. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस नावाची याची पंढरी आहे, दर चार वर्षांनी भरते, बाराशे किलोमीटर, नव्वद तास. वरची वयोमर्यादा नाही. कमी झोप, मंद पण अखंड चाल, आणि कुणाचंही न ऐकण्याची सवय, हे सगळं भांडवल तुमच्याकडे आयतंच आहे. पहिल्या वर्षी मात्र नावनोंदणी करू नका.

रस्ता

दूरचं-जवळचं एकाच भिंगात असलेला चष्मा सायकलवर घात करतो. खाली खड्डा बघायला जावं तर तो वाचायच्या भागातून दिसतो आणि होता त्यापेक्षा जवळ येतो. नुसत्या दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. मान वळत नसेल तर हँडलला आरसा लावा. मोतीबिंदू पिकत असेल तर अंधारात निघू नका, समोरच्या दिव्यांची झुंबरं होतात. पहिल्या पावसात रंगवलेले पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं यांवरून वळू नका, सरळ जा. तहान या वयात उशिरा लागते. ती लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्या.

पडलात तर लगेच उठू नका. सगळे अवयव आपापल्या जागी आहेत का ते बसल्या जागी बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा. घरी मात्र तुम्ही पडला नाहीत. ‘थोडंसं खरचटलं, सायकल लावताना’ हे विधान खरंही आहे आणि पुरेसंही.

उतरणे

रोजचं उतरणं असं: थांबायच्या आधीच गिअर हलका करा, म्हणजे पुन्हा निघताना त्रास नाही. ब्रेक सावकाश दाबा, सायकल थांबता थांबता सीटवरून पुढं सरका, डावा पाय जमिनीवर, सायकल डावीकडे झुकवा, मग उजवा पाय बाहेर. चालत्या सायकलीवरून टांग मागे टाकून उतरायची ती जुनी नजाकत भाजीच्या पिशवीला अडते.

कायमचं उतरण्याचा विषय घरात बहुधा वाढदिवसाच्या दिवशी निघतो. केक कापता कापता मुलगा विचारतो, ‘बाबा, आता अजून किती वर्षं?’ त्याला वयाचा आकडा सांगू नका, खुणा सांगा: ब्रेक पुरता दाबायला बोटांत जोर उरला नाही, एका पायावर क्षणभरही थांबता येईना, ओळखीच्या वळणावर दोनदा गोंधळ झाला, की रस्त्यावरची सायकल बंद. त्या खुणा कधी चाळिशीत दिसतात, कधी नव्वदीत. रस्ता सुटला तरी तीन चाकांची सायकल उरते, पुढं कुणीतरी डोळस बसलेली दोन सीटची उरते. मार्शांनंही बाहेरची सायकल बंद झाल्यावर घरातल्या उभ्या सायकलवर बसणं चालू ठेवलं. त्या दिवशी मुलाचं म्हणणं मान्य करून हॉलमधले टॉवेल काढायला हरकत नाही.

तोवर सायकल जिन्याखाली लावा आणि मागच्या चाकाला कुलूप घाला. एक किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. दुसरी कुठं ठेवली आहे ते बायकोला सांगून ठेवा. मुलानं तिसरी मागितली तर ती हरवली आहे.